विद्यार्थी विकासाचे कार्य : नोकरीतील प्रयोजनाचा शोध

थोर संस्कृतज्ञ रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवण येथे झाला. शिक्षणासाठी त्यांना प्रथम रत्नागिरीस व पुढे मुंबईस जावे लागले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठातून १८६२ मध्ये पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. भांडारकर त्या तुकडीत होते. पुढे १८९३ ते १८९५ या काळात त्यांनी त्याच विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. किनाऱ्यावरील मुलगा विद्यापीठापर्यंत पोहोचला तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण होय. परंतु पोहोचता पोहोचता जे मागे फिरले, त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. विद्यार्थी मागे फिरू नये हे पाहणे ज्यांच्या नोकरीचा भाग आहे, त्यांच्या कार्याचा येथे विचार करावयाचा आहे.

कल्याणाकडून विकासाकडे

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यात या कार्यास 'विद्यार्थी कल्याण' असे नाव होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने ते 'विद्यार्थी विकास' असे केले आणि त्यासाठी मंडळ व संचालक यांची तरतूद केली. हा बदल केवळ शब्दाचा नाही. कल्याण दुसऱ्याने करावयाचे असते. विकासात विद्यार्थ्याचा स्वतःचा सहभाग अपेक्षित असतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राष्ट्रीय सेवा योजना, युवक महोत्सव, तक्रार निवारण अशी अनेक कामे या क्षेत्रात येतात. त्यांतील बरीचशी कागदोपत्री असल्यामुळे ती करणाऱ्यास काही वर्षांनी कंटाळा येतो. आपण शिकवीत नाही, संशोधन करीत नाही, मग आपल्या श्रमाचे फळ कोणते, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो.

समुद्राचे वेळापत्रक

या प्रश्नाचे उत्तर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर स्पष्टपणे मिळते. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यातील मालवण, कणकवली, सावंतवाडी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय सुमारे पाचशे किलोमीटर दूर असल्याने, येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयातील खिडकीमागची व्यक्ती हेच विद्यापीठ होय.

समजा, देवबाग येथील मच्छीमार कुटुंबातील मुलगी प्रवेशासाठी आली आहे. जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी व नौकांच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यकच आहे. पण प्रवेशशुल्क भरण्याचे दिवसही नेमके तेच असतात. घरात आवक नाही आणि शुल्काची अंतिम तारीख समोर आहे! 'पैसे आणा, मग बोलू' असे उत्तर मिळाले तर ती मुलगी बहुधा पुन्हा येणार नाही. याउलट, नियमानुसार हप्त्यांची सोय आहे काय, कोणती शिष्यवृत्ती लागू पडते, उत्पन्नाच्या व अधिवासाच्या दाखल्यांपैकी काय कमी आहे, हे बसून समजावून सांगितले तर तिचे वर्ष वाचते. यात नियम मोडावा लागत नाही. तो विद्यार्थ्याच्या बाजूने वाचावा लागतो.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने हाच धडा अधिक कठोरपणे दिला. त्या काळात विद्यापीठांच्या परीक्षा ऑनलाइन पद्धतीने होत होत्या आणि वादळाने किनाऱ्यावरील विजेचे खांब आडवे केले होते. वीज नसलेल्या गावातील विद्यार्थ्याची गैरहजेरी हा त्याचा दोष नव्हे, हे वरपर्यंत वेळेवर कळविणारा कोणी असावा लागतो. असे एक पत्र लिहिणे हे कारकुनी काम म्हणता येईल; परंतु त्यावर एखाद्याचे वर्ष अवलंबून असते.

परंपरा आणि गाव

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले व निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहती-जेवती केली. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातून 'कमवा आणि शिका' हा विचार उच्च शिक्षणात रुजला. जेवण, निवारा व स्वाभिमान यांची व्यवस्था हाही शिक्षणाचाच भाग आहे, हे या दांपत्याने ओळखले होते.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यार्थ्याला गावाशी जोडले. वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर ही तिची नेहमीची चौकट. शिबिर कोठे घ्यावे हे ठरविताना ग्रामपंचायतीने केवळ रस्ता झाडण्याचे काम न सुचविता, वहाळावर वनराई बंधारा, किनारा स्वच्छता, दाखल्यांसाठी मदतकेंद्र अशी खरी निकड मांडावी. गावास उपयोग झाला, तरच विद्यार्थ्यासही आपण उपयोगी आहोत याची जाणीव होते.

मोजमाप कशाचे?

या क्षेत्रातील कर्मचाऱ्याने वर्षाअखेरीस किती कार्यक्रम झाले हे अवश्य मोजावे. अहवालास ते लागते. पण त्याबरोबर तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी कोण दिसले नाही? ते का आले नाहीत, याची चौकशी केली काय? आणि त्यांपैकी कोणास परत आणता आले? शिक्षकांनी वर्गातील रिकामा बाक कार्यालयास कळवावा, पंचायत सदस्यांनी त्या घरी जाऊन यावे, अधिकाऱ्यांनी दाखला वेळेत द्यावा. इतके झाले तरी पुष्कळ गळती थांबेल.

प्रयोजन ही नेमणुकीच्या आदेशात लिहून मिळणारी बाब नाही. ज्या दिवशी फायलीवरील क्रमांकामागचे नाव आणि नावामागचे घर दिसू लागते, त्या दिवशी ते सापडते. उद्याचे भांडारकर आज एखाद्या खिडकीसमोर, हातात अपुरी कागदपत्रे घेऊन उभे असतील. त्यांना बसावयास सांगावे, येथूनच या कार्याची सुरुवात होते.