भूमिरक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

ज्याचे घर त्यानेच ते शाकारावे, त्याचप्रमाणे ज्याचे शेत त्यानेच त्याची निगा राखावी व तिचा खर्चही सोसावा, असे सामान्यतः मानले जाते. परंतु शेतातील माती वाऱ्यापाण्याबरोबर निघून जाऊ लागली म्हणजे हा न्याय अपुरा पडतो. वाहून गेलेली माती ओढ्यात साचते, तलाव भरून टाकते, शेजाऱ्याच्या उभ्या पिकावर पसरते. हानी एकट्या शेतकऱ्याची नव्हे, तर ती निवारण्याचा सर्व भार एकट्या शेतकऱ्यावर का असावा? आणि सरकारने वाटा उचलावयाचा तर तो किती? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा विचार गेली सुमारे ९० वर्षे चालू आहे. त्याचा थोडक्यात परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो इत्यादी संस्थानांतील विस्तीर्ण गवताळ मैदाने गव्हासाठी नांगरली गेली. ज्या मुळांनी माती धरून ठेविली होती ती नाहीशी झाली. पुढे १९३० नंतर अवर्षणाची वर्षे आली, आणि उघडी पडलेली कोरडी माती वाऱ्यावर उडू लागली. मे १९३४ मधील धुळीचे लोट न्यूयॉर्क व वॉशिंग्टन ही दूरची शहरे झाकोळून अटलांटिक महासागरातील जहाजांपर्यंत पोहोचले. १४ एप्रिल १९३५ या दिवशी तर भर दुपारी अंधार पडला; तो दिवस 'काळा रविवार' या नावाने इतिहासात राहिला आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेस भूमिसंरक्षणाचा कायदा झाला, व ह्यू हॅमंड बेनेट या भूमिशास्त्रज्ञाकडे नव्या मृदासंधारण खात्याचे प्रमुखपद आले.

शेतकऱ्यास उपाय ठाऊक नव्हते असे नाही. उतारास आडवी नांगरट करावी, ताली घालाव्या, झाडांच्या ओळी लावून वारा अडवावा, हे शिकविणे फारसे कठीण नाही. अडचण पैशाची होती. तालीचा खर्च आज करावा लागतो, तिचा लाभ मात्र अनेक वर्षांत थोडाथोडा मिळतो. आणि त्या लाभाचा मोठा भाग खालच्या अंगास राहणाऱ्या लोकांच्या पदरी पडतो. कर्जात बुडालेला माणूस असा खर्च कसा करील?

या अडचणीवरील तोड विस्कॉन्सिन संस्थानातील कून क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात १९३३ पासून अजमावून पाहण्यात आली. हा प्रदेश डोंगराळ. तेथे माती पावसाच्या पाण्याने वाहून जाई व घळी पडत. सरकारने शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे करार केले. बी, चुना, कुंपणाची तार, रोपे व तरुण मजुरांची पथके सरकारने पुरवावी. शेतकऱ्याने आपले श्रम द्यावे, चढाची जमीन गुरांपासून राखावी, आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे पिके घ्यावी. दोघांनीही काही द्यावे आणि दोघांसही काही मिळावे, असा हा व्यवहार होता. त्या खोऱ्यातील शेतजमिनीची धूप पुढील दशकांत पुष्कळच कमी झाली, असे संशोधकांस आढळून आले आहे.

पुढे १९३६ च्या कायद्याने, जमिनीचा कस वाढविणारी पिके व कामे करणाऱ्या शेतकऱ्यास देशभर सरकारी साहाय्य मिळू लागले. नावे व नियम वेळोवेळी बदलले, तरी खर्च वाटून घेण्याचे तत्त्व टिकले. या प्रकारची हल्लीची प्रमुख योजना १९९६ च्या शेती-कायद्याने सुरू झाली. तिचे काम कसे चालते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

एका पशुपालकाच्या विस्तीर्ण कुरणात एकच पाणवठा आहे असे समजा. सर्व गुरे तेथेच गोळा होतात. ओढ्याचा काठ खुरांनी तुडविला जाऊन ढासळतो. जवळचे गवत मुळापर्यंत खाल्ले जाते, आणि दूरचे तसेच राहते. कुंपणे घालून कुरणाचे भाग पाडावे, नळाने प्रत्येक भागातील हौदापर्यंत पाणी न्यावे, व गुरे आळीपाळीने चारावी, हा यावरील उपाय होय. पशुपालक स्थानिक कचेरीत अर्ज करितो. खात्याचा जाणकार जमीन पाहून त्याच्याबरोबर आराखडा तयार करितो. अर्ज निधीपेक्षा अधिक येतात, म्हणून ज्या कामापासून माती व पाणी यांस अधिक लाभ होईल त्यास आधी स्थान मिळते. मंजुरी मिळाल्यावर करार होतो. अशा कामाचा अंदाजी खर्च १०,००० डॉलर धरला, तर सरकार जास्तीत जास्त ७५ टक्के, म्हणजे ७,५०० डॉलर देऊ शकते. उरलेले २,५०० मालकाने घालावे. काम ठरल्या प्रतीचे झाले आहे की नाही हे पाहिल्यावरच पैसे मिळतात, आणि ते काम ठराविक वर्षे नीट राखण्याचे बंधन मालकावर असते. करार मोडल्यास पैसे परत करावे लागतात.

सरकारने सर्वच खर्च का देऊ नये, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे की, सुधारलेल्या कुरणाचा लाभ मालकासही होतोच. दुसरे असे की, ज्याचे स्वतःचे पैसे गुंतले आहेत तो तुटलेले कुंपण लवकर दुरुस्त करितो. निधी मर्यादित असल्यामुळे, मालकाच्या वाट्याने तो अधिक शेतांस पुरतो, हेही खरे.

परंतु या योजनेचे खरे मर्म याच ठिकाणी आहे. चौथा हिस्सा सर्वांस सारखा जड नसतो. श्रीमंत मालक तो सहज काढतो. गरिबास मात्र तो काढता येत नाही, आणि सरकारचा वाटाही काम झाल्यावर मिळावयाचा असल्यामुळे तोपर्यंतचा सर्व खर्च त्यास पदरचा करावा लागतो. अशा रीतीने जी मदत दुर्बलासाठी म्हणून निघते, ती सबळाच्या घरी जाण्याचा संभव असतो. हे ध्यानी आल्यामुळे २००२ च्या कायद्याने नवशिक्या व अल्प साधनांच्या शेतकऱ्यांस ९० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद केली. पुढील कायद्यांनी अशांस काही रक्कम आगाऊ देण्याचीही सोय केली. तरीही खंडाने जमीन करणाऱ्याची अडचण राहतेच. कराराच्या मुदतीपर्यंत जमीन आपल्या ताब्यात राहील, हे त्यास दाखवावे लागते; ज्याचा खंडपट्टा वर्षावर्षाने बदलतो त्याने ते कसे दाखवावे?

हा प्रश्न आपल्यास परका नाही. दख्खनच्या अवर्षणी भागातही ताली व बांधबंदिस्ती यांची गरज जाणून तत्कालीन मुंबई सरकारने १९४२ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा केला होता. आणि आज ठिबक सिंचनासारख्या कामांत सरकार खर्चाचा वाटा उचलते. तेव्हा पालकांनी अशा योजनेची माहिती वाचताना टक्केवारीबरोबरच आणखी तीन गोष्टी विचाराव्या: पैसे कामाआधी मिळतात की नंतर, काम पुढे कोणी राखावयाचे, आणि गावातील सर्वांत गरीब शेतकरी त्यात येऊ शकतो की नाही. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात गावचा ओढा पाहावा. पाणी गढूळ असेल तर त्यातील माती कोणत्या शेतातून आली याचा शोध घ्यावा, आणि ती तेथेच थांबविण्यास कोणाचे किती श्रम व किती पैसे लागतील याचा हिशेब वहीत मांडून पाहावा.