पहिले शील आणि प्रयोगशाळेतला उंदीर



पंचशीलातले पहिले शील आपण प्रत्येक वंदनेत ग्रहण करतो. पण आपण घेतो त्या अनेक औषधांमागे प्राण्यांचे जीव गेलेले असतात. मग आपले शील मोडले का?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. तत्त्व म्हटले की विचार आलाच. म्हणून प्रश्न असा विचारायचा: गरज खरोखर आहे का?

आपल्या केंब्रिजचेच उदाहरण घ्या. 1975 साली इथल्या एमआरसी प्रयोगशाळेत सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांनी एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. उंदराला टोचायचे, त्याला मारून प्लीहेतल्या पेशी काढायच्या आणि त्या कर्करोगाच्या पेशींशी जोडायच्या. 1984 साली त्यांना नोबेल मिळाले, असंख्य रुग्णांना लाभ झाला.

पुढे त्याच प्रयोगशाळेत ग्रेग विंटर यांनी वेगळी वाट विकसित केली. जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या आवरणावर अँटिबॉडीचा तुकडा बसवायचा. असे कोट्यवधी विषाणू लक्ष्यावर सोडायचे, चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. हे काही वेळा केले की हवी ती अँटिबॉडी मिळते. संधिवातावरचे अडालिमुमॅब याच तंत्राने केंब्रिजमध्ये घडले. 2002 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची सुरुवात मात्र उंदराच्या अँटिबॉडीपासूनच झाली होती, आणि औषधांच्या सुरक्षा-चाचण्यांत प्राणी अजूनही वापरले जातात. पर्याय टप्प्याटप्प्यानेच येतात. विंटर 2018 च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

2020 मध्ये युरोपीय संघाच्या पर्यायी चाचण्यांच्या केंद्राने अँटिबॉडीसाठी प्राणी वापरू नयेत, अशी शिफारस केली. तरीही जुनी पद्धत चालूच आहे. जिथे पर्याय आहे तिथे गरज संपते, उरते ती सवय. सवयीने घेतलेला जीव गरजेच्या खात्यात मांडता येत नाही.

म्हणून तुमचे औषध थांबवू नका; स्वतःच्या देहाची हेळसांड म्हणजे शील नव्हे. पण तुमची मुले-मुली प्रयोगशाळेत काम करत असतील, तर त्यांना विचारा: तुमची अँटिबॉडी कुठून येते? प्राण्याविना बनलेली मिळते का? संशोधनासाठी देणगी देताना संस्थेलाही हेच विचारा. करुणेला प्रज्ञेची जोड अशीच द्यायची असते.

नमो बुद्धाय, जयभीम.