गुणाचं नाव ठेवताना

पंचवटी, नाशिक

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली नावांची यादी चष्मा लावून दोनदा वाचली. शौर्य, धैर्य, संयम, विवेक, अभय. बाळाला गुणाचं नाव ठेवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, याचा मनापासून आनंद झाला. फोनवर अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

मुलाला गुणाचं नाव ठेवलं की त्या गुणाची जबाबदारी आधी आईबापांवर येते. बाकी सगळं विसरलास तरी एवढं लक्षात ठेव.

मी चौथीला शिकवत असताना वर्गात धैर्य नावाचा मुलगा होता. लस टोचायला आरोग्य खात्याची माणसं आली की तो रडायचा. नऊ वर्षांचं पोर, रडणारच. दुसरी मुलं रडली तर कोणी काही बोलत नसे, पण हा रडला की अख्खा वर्ग ओरडायचा, ‘नाव धैर्य आणि रडतोय बघा!’ घरी वडीलही तेच म्हणत. वर्ष सरता सरता तो हजेरीला ‘हजर’ इतकं पुटपुटून म्हणायला लागला की मला मान वर करून बघावं लागे. नाव चांगलंच होतं. घरच्यांनी त्याचा धाक केला. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ ही म्हण बाहेरचे लोक ऐकवतीलच. तुझ्या घरात ती कोणाच्या तोंडून निघता कामा नये.

आपल्या त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, त्या निवृत्तिनाथांचं उदाहरण घे. त्यांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेवरून ते परत संसारात आले, आणि गावाने घर वाळीत टाकलं. अशा घरात पोरांची नावं काय ठेवली? निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ज्या वाटेची त्या बापाला ओढ होती, तीच त्याने मुलांच्या नावांत ठेवली, असं मला नेहमी वाटतं. तू यादीत ‘संयम’ लिहिलं आहेस. गाडी चालवताना मागून कोणी हॉर्न वाजवला तर तुझं काय होतं, ते मी पाहिलं आहे. ते नाव ठेवायचं असेल तर आधी तो हॉर्न सोसायला शीक.

दुसरी गोष्ट. चांगलं नाव ही आपल्याकडे सगळ्यांना मिळणारी वस्तू नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदा सुचवणारं असावं, असा नियमच घालून दिला आहे. दृष्ट लागू नये, मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावं सगळ्याच जातींत ठेवत. पण ती आईच्या भीतीपोटी आलेली. मनुस्मृतीचा नियम मात्र माणसाला खाली ठेवण्यासाठी होता, आणि ते झुगारायला लढावं लागलं. २ मार्च १९३० ला इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा झाली. त्यानंतर घराघरांत सिद्धार्थ, मिलिंद, प्रज्ञा, करुणा अशी नावं आली. ती नावं लोकांनी मान म्हणून घेतली आहेत. आज तू मोबाइलवर नावं चाळतोस आणि कोणी अडवत नाही, यामागे एवढं सगळं आहे. नाव निवडताना ही जाण असू दे.

माझं मत विचारशील तर अभय. कारण सांगते. पांडवलेणीला आपण किती वेळा गेलो, पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख तुला कधी नीट समजावून सांगायचा राहिला. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, या म्हाताऱ्या राणीने ते लेणं भिक्षूंना दान दिलं आणि मुलाचे गुण दगडात कोरवून घेतले. गौतमीपुत्र सातकर्णी म्हणजे शक, यवन, पल्हवांना हरवणारा राजा. ते पराक्रम लेखात आहेतच. पण आई तेवढ्यावर थांबत नाही. तो प्रजेच्या सुखदुःखात सुख आणि दुःख मानणारा होता, धर्माला धरूनच कर घेणारा होता, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, आईची सेवा करणारा होता, आणि अभयदानाचं पाणी सोडून सोडून त्याचा हात ओला असे, असं ती सांगते. एवढ्या मोठ्या योद्ध्याच्या आईला त्याचा हात आठवला तो दुसऱ्याची भीती घालवणारा. शौर्य हे नाव मला म्हणूनच थोडं अपुरं वाटतं. अभय स्वतःला असतं आणि दुसऱ्याला देताही येतं.

आता व्यवहाराचं. जन्म दवाखान्यातून महापालिकेकडे २१ दिवसांत कळवला जातो. नाव मागाहून घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही. तेव्हा बारशाच्या तारखेसाठी घाईने काहीतरी उरकू नका. नक्षत्राचं अक्षर जुळत नसेल तर पत्रिकेत वेगळं नाव राहू दे, पूर्वीपासून तसंच चालत आलं आहे. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि जन्मदाखला, आधार, शाळा सगळीकडे तेच लिहा. धैर्यसारख्या जोडाक्षरी नावाचं प्रत्येक कारकून वेगळं स्पेलिंग करतो, हे मी दाखले लिहिताना भरपूर पाहिलं आहे.

आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग तुझं, मग आडनाव. म्हणजे ते नाव जन्मभर सूनबाईच्या नावाला लागून उच्चारलं जाणार. दोन्ही सलग मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळत नाही ना ते पाहा.

बारशाला कानात कुर्र करण्याचा मान तुझ्या बहिणीचा, तो तिलाच. नाव ठरवताना मात्र सूनबाईला आधी विचार, आणि तिने यादीतलं दुसरंच उचललं तर माझं अभय बाजूला ठेवून तिचं ऐक.

तुझी,
आत्या