फिरतीवर सोबत वाकडी असेल तर

कोल्हापूरहून आल्यापासून तू गप्प होतीस आणि आईला नुसतं "दमलेय" म्हणत होतीस, ते माझ्या लक्षात आलं होतं. काल सगळं बोललीस ते फार बरं झालं. आता मी बोलते, तू ऐक. काही पटलं नाही तर तिथेच थांबव.

अगं, तू एका दमात किती गोष्टी सांगितल्यास बघ. फिरतीवर तुझ्यासोबत असलेला तो वरिष्ठ सहकारी दोन्ही दिवस तासभर उशिरा खाली उतरला. तू काढलेले आकडे त्याने प्रशिक्षणात स्वतःचे म्हणून वाचले. लॉजवाल्याकडून कोरं बिल मागून घेतलं. जेवताना तुझ्या लग्नाचा विषय काढला, तुझ्या अंगकाठीवर बोलला. आणि दोन्ही रात्री दार वाजवून "चहा घेऊ या का" म्हणाला, वर "झोपलीस का?" असा मेसेज टाकला. तुझ्या मनात हे सगळं मिळून एकच माणूस उभा आहे, वंगाळ. मला मात्र यात वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. त्या एकत्र ठेवल्यास तर तुलाच बोलता येणार नाही, आणि ऐकणारा नेमकी हलकी गोष्ट उचलून म्हणेल, "उशीर तर सगळ्यांनाच होतो की."

उशीर आणि आयतेपणा, याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. असे लोक प्रत्येक ऑफिसात आहेत, त्यात बायकाही आहेत. निघायच्या आदल्या दिवशी, साहेब ज्या ग्रुपवर आहेत तिथेच लिहून टाक: सकाळचं सत्र मी घेणार, दुपारचं सर. कागदांवर पहिल्या पानावर तुझं नाव घाल. आणि सकाळी नऊ म्हणजे नऊला तू तुझी निघ, लॉजच्या खाली त्याची वाट बघत बसू नकोस. तू थांबलीस की उशीर तुझाही होतो. तिथल्या लोकांनी विचारलं, "सर कुठायत?" तर "येतील, आपण सुरू करू," एवढंच. त्याची तब्येत बरी नाही वगैरे खोटं सांगून त्याला झाकू नकोस, आणि परक्या लोकांसमोर त्याची उणीदुणीही काढू नकोस. आकड्यांवर कुणी प्रश्न विचारला आणि तो अडखळला, की शांतपणे उत्तर दे. ऐकणाऱ्यांना काम कुणाचं ते कळतं.

पैशाचं मात्र एवढं सोपं नाही, तिथे तू कडकच राहा. तुझं भत्त्याचं बिल तू वेगळं भर, दोघांचं मिळून एक बिल कधीच नाही. एसटीची तिकिटं जपून ठेव. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याने दोघांचं पूर्ण भाडं लावलं आणि खाली तुझी सही असली, तर ते खोटं हिशेब बघणाऱ्या कुठल्याही क्लार्कला बसल्या जागी दिसेल. लॉजची पावती तुझ्या नावाची, तुझ्या खोलीच्या नंबरची, तारखेसकट घे. तो म्हणेल, सगळेच करतात. भांडू नकोस. "तुमच्या बिलावर तुम्ही सही करा, माझ्या बिलावर मी करते," म्हण आणि कामाला लाग. हे मी एवढं का सांगतेय, ते नीट ऐक. तुझी सही असलेलं एक खोटं बिल त्याच्याजवळ असलं, की तुझं तोंड बंद करायचं साधन त्याच्या हातात गेलं. उद्या तू दाराबद्दल बोलायला गेलीस, तर तो पहिल्यांदा तो कागद पुढे करेल.

आता दाराचं.

तू दार उघडलं नाहीस, ते बरोबर केलंस. पण आतून "सर, मला बरं वाटत नाहीये" म्हणालीस, तसं पुढच्या वेळी म्हणू नकोस. बरं वाटत नाही म्हटलं की त्याला गोळी घेऊन यायची वाट मिळते. बंद दाराआडून, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात, "सर, कामाचं सकाळी बोलू," एवढंच. परत वाजवलं तर खाली काउंटरला फोन कर. खोली आधीच वेगळ्या मजल्यावर माग. त्याला कारण द्यायची गरज नाही, लॉजवाले बाईमाणसाला तेवढं करून देतात. तरी भीती वाटली तर ११२ आहे, रात्री-अपरात्री केव्हाही. हा नंबर अशाच वेळेसाठी आहे, त्यासाठी अंगावर काही यायची वाट बघायची नसते.

आणि त्याच रात्री लिहून ठेवायचं. तारीख, वेळ, तो काय म्हणाला, अगदी त्याच शब्दांत. तू काय म्हणालीस तेही. ते एखाद्या मैत्रिणीला पाठव, म्हणजे वेळेची नोंद आपोआप राहते. त्याचे मेसेज पुसू नकोस, कितीही किळस आली तरी. काल तू म्हणालीस की पहिल्या मेसेजला तू हसरा चेहरा पाठवला होतास आणि आता त्याचीच लाज वाटते. कशाला वाटायला हवी? वरच्या माणसाला तोडून बोलायचं नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, तुझ्या बोटांनी तेच केलं. त्याने तू हो म्हटलंस असं होत नाही.

कायदा तुझ्या बाजूने आहे आणि तो मी तुला नीट सांगते, कारण आपल्याकडे मुलींना वाटतं की ऑफिसच्या चार भिंतींत घडलं तरच ऑफिसची जबाबदारी. तसं नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालचा आहे. त्यात कामानिमित्त तू जिथे जिथे जातेस ती सगळी ठिकाणं कामाची जागाच धरली आहेत, ऑफिसने दिलेली गाडीसुद्धा. म्हणजे कोल्हापूरचं लॉज हे तुझं ऑफिसच. नको असलेला स्पर्श, नको असलेलं बोलणं, नको असलेले मेसेज, हे सगळं त्यात येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक जण बाहेरच्या संस्थेतला. दहापेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आपली साताऱ्याला. घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. पुन्हा पुन्हा घडलं असेल तर शेवटच्या वेळेपासून तीन महिने. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण तू त्याच्यावर राहू नकोस. तुला लिहायला जमत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचंच काम आहे. नावं गुप्त ठेवायची असतात. आणि "सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल" ही तुझी भीती: मुद्दाम खोटी तक्रार करणं वेगळं, पुरावा कमी पडणं वेगळं. नुसता पुरावा कमी पडला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

हा कायदा कुणामुळे आला ते तुला माहीत असावं. राजस्थानात भटेरी नावाच्या गावात भंवरी देवी साथिन म्हणून काम करायची, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात. बालविवाह थांबवणं हे तिचं कामच होतं. ते केलं म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडलं. पण तिच्या प्रकरणावरून काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणी बाईला सांभाळायची जबाबदारी मालकाची, हे त्यात पहिल्यांदा बांधून दिलं गेलं. ती शहरातली अधिकारी नव्हती गं. तुझ्यासारखीच, लोकांत जाऊन काम करणारी बाई होती.

आणि १९९७ हेच साल आपल्या म्हसवडचंही आहे. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला दिवसाला थोडेसे पैसे साठवायचे होते आणि बँका खातं उघडून देईनात, तिथून चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्या बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनाही तसाच करायला सांगा. परवाना मिळाला, माणदेशी महिला बँक उभी राहिली. कागदात "निरक्षर" म्हणून नाकारलेल्या या बायका मोठ्या साहेबांसमोर मान वर करून बोलल्या. तू तर पदवीधर आहेस.

आता खरं दुखणं. काल तू शेवटी, उठता उठता म्हणालीस, "ताई, घरी कळलं तर नोकरीच सोडायला लावतील." मला वाटतं तू गप्प राहिलीस ती यामुळे, त्याच्या भीतीने नाही. आणि त्यालाही हे पक्कं ठाऊक आहे. तो तुझ्या घरच्यांना ओळखतो, आपल्या भागातली घरं ओळखतो. पोरगी घरी सांगणार नाही, याच भरवशावर तो दार वाजवतो.

म्हणून घरात एक माणूस तुझ्या बाजूचं हवं, आणि ते आधीच हवं. वहिनीपासून सुरुवात कर, ती पतसंस्थेत काम करून आलेली आहे, तिला सगळं कळतं. मग आई, मग वडील. पण सांगताना क्रम सांभाळ. "माझ्यासोबत असं झालं" एवढंच सांगून थांबलीस तर घाबरलेली माणसं एकच उपाय काढतील, घरी बस. त्याऐवजी आई-वडिलांना असं सांग: असं झालं, मी दार उघडलं नाही, लेखी तक्रार दिली आहे, आणि पुढच्या फिरतीला दुसरी बाई बरोबर असेल. करून झालेलं सांगितलं की माणसं ऐकून घेतात. आणि वडील म्हणाले की बाईने परगावी मुक्काम करायचा कशाला, तर त्यांना आठवण करून दे. आपल्या माणदेशातल्या मेंढपाळांच्या बायका कळपामागे महिनोन्महिने रानात तळ टाकतात. ऊसतोडीला गेलेल्या बायका पाचटाच्या कोपीत अख्खा हंगाम काढतात. आपल्या बायका कायमच बाहेर राहत आल्या आहेत. त्यांच्यासोबत घरचं माणूस असतं, तुझ्यासोबत नसतं, फरक तेवढाच. तो फरक भरून काढायची जबाबदारी तुझ्या ऑफिसची आहे.

ऑफिसातही एक गोड बोलणं होईल, त्याला भुलू नकोस. साहेब म्हणतील, "तुला त्रास नको, तुला आता इथेच बसून काम देतो." ऐकायला मायेचं वाटतं. पण फिरती बंद झाली की प्रशिक्षणं बंद, ओळखी बंद, आणि दोन वर्षांनी बढतीच्या यादीत त्याचं नाव, तुझं नाही. तू म्हण, मी फिरतीवर जाणारच, त्यांना माझ्याबरोबर पाठवू नका. चौकशी चालू असताना त्याला दुसरीकडे हलवावं, असं तू समितीकडे लेखी मागू शकतेस. लिहिताना स्पष्ट लिही की त्याला हलवा, मला नाही.

आणि त्या कागदात उशीर, आकडे, कोरं बिल यातलं काहीही घालू नकोस. बिलाचं वेगळं, वरिष्ठांना वेगळ्या चिठ्ठीने. समितीच्या कागदात फक्त जेवतानाचं बोलणं, दार आणि मेसेज. लॉजच्या काउंटरवरच्या पोराने त्याला जिन्यात पाहिलं होतं म्हणालीस ना, साक्षीदार म्हणून त्या पोराचंही नाव घाल.

सोलापूरची फिरती पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या आधी कोल्हापूरचं लेखी समितीकडे पोचलेलं असू दे, आणि पोच घे, तारखेच्या शिक्क्यासकट. शनिवारी संध्याकाळी ये, वहिनीला घेऊन ये. आपण तिघी बसून लिहू. नियमाप्रमाणे सहा प्रती द्याव्या लागतात आणि मेसेजचे फोटोही छापून जोडायचे आहेत, तेव्हा झेरॉक्सवाला दुकान बंद करायच्या आत ये.