आधी त्यांना सांग

चि. बाळा,

नेरळच्या बाजारात जे कानावर आलं, त्याने तुझ्या आत्याची झोप उडाली आहे. खोपोलीच्या तुमच्या कारखान्यात दिवाळीनंतर नवी यंत्रं येणार, दोनाच्या तीन पाळ्या होणार, काही जणांची खाती बदलणार आणि ती यादी तू केलीस म्हणे. खरं काय ते तुला ठाऊक. पण ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना हे भाजीवाल्याकडून कळावं? त्यातले कितीतरी पोशीरचे, कळंबचे. त्यांच्या घरी तू जेवला आहेस रे.

बदल करूच नये, असं आत्या कशी म्हणेल? कल्याण-कर्जत मार्गावर १५०० व्होल्टच्या डीसीऐवजी २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला, तेव्हा तू त्याच मार्गावरच्या लोकलने कॉलेजला जात होतास. रेल्वेने आधी दोन्ही प्रवाहांवर धावणाऱ्या गाड्या आणल्या, मग टप्प्याटप्प्याने एकेक पट्टा बदलला. मध्य रेल्वेचं मुंबईतलं ते काम २०१६ मध्ये पुरं झालं. जुनं बंद होण्याआधी नव्याची सोय झालेली होती.

उलट गिरण्यांचं बघ. १९२८ साली मुंबईत ससून समूहाच्या गिरण्यांनी विणकराला दोनाऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले. मालकांच्या हिशेबात ती कार्यक्षमता होती. कामगारांना त्यात शेजारच्या मागावरच्या माणसाची भाकरी जाताना दिसली. एप्रिल ते ऑक्टोबर संप चालला, सुमारे दीड लाख माणसं बाहेर होती. चौकशीसाठी फॉसेट समिती नेमायचं ठरलं तेव्हा कुठे भोंगे वाजले. जे समितीपुढे बोलायचं, ते माग वाढवण्याआधीच बोलता आलं असतं.

म्हणून पुन्हा विचारते, तू त्यांना सांगितलंस का?

कायदाही तेच म्हणतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-ए नुसार पाळ्या बदलायच्या किंवा माणसं कमी होतील अशी यंत्रं आणायची, तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची अट आहे. पण नोटीस फलकावर लावून सुटू नकोस. रात्रपाळी सुटल्यावर नेरळहून पोशीरला यायला वाहन कुठलं, हे फलक सांगत नाही. ज्याची म्हैस पहाटे पिळायची असते त्याचं काय, तेही नाही. ते विचारावं लागतं, समोर बसून.

आत्याच्या बँकेत संगणक आले तेव्हा ती तरुण होती. १९८३ साली बँकांची संघटना आणि युनियन यांच्यात करार झाला, तेव्हा कुठे यंत्रं मर्यादेने आली. वाद पुष्कळ झाले, पण कुठे, किती, कोण चालवणार, ते बोलून ठरलं. २००० साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं गेली. आत्याच्या शाखेतले एक जुने लेजरकीपरही गेले. खातेदाराची सही डोळे मिटून ओळखायचे. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही नव्या माणसांना शिकवाल का. आत्यानेही नाही विचारलं. त्यांना चहा पाजून निरोप दिला, एवढंच. अजून ती गोष्ट मनातून जात नाही.

खूप बोलले ना? रागावू नकोस. दादा गेला त्या वर्षी घर कसं सावरलंस, हे आत्याने पाहिलंय. माणसं तोडणारा तू नाहीस. वरून दबाव असेल, तारीख ठरलेली असेल, रात्री जेवणही धड होत नसेल. तुझ्या आईने फोनवर सांगितलं की तू हल्ली कमी बोलतोस. तेव्हापासून यादीपेक्षा तुझीच काळजी जास्त लागली आहे.

सोमवारी जुन्या कामगारांना बोलाव. यादी पक्की नसेल तर पक्की नाही म्हणून सांग, कुणाची नोकरी जाणार असेल तर तेही तूच सांग. नवं यंत्र शिकवायचं तर पहिली संधी त्यांना दे. आणि रविवारी घरी ये. नाचणीची भाकरी करते. निवांत झोप, कुणी उठवणार नाही.

तुझी आत्या
पोशीर