आजचे चिंतन : सावधपण आणि गाडीची डिकी

दासबोधाच्या २०० समासांत समर्थ पुन्हा पुन्हा सावध राहायला सांगतात. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचा, सन १६०८. आज याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि कारला ताशी १२० किमीची मर्यादा आहे. तिथे रात्री टायर फुटला, तर हे सावधपण डिकीत आधीच भरून ठेवलेलं लागतं.

सामान बहुतेकांकडे असतं हो, प्रश्न क्रमाचा आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत डिकी म्हणजे स्टॅक : शेवटी ठेवलेलं आधी निघतं. स्टेपनी, जॅक, पाना तळाशी आणि वर गावाकडून आणलेली गव्हाची पोती! मागून ट्रक येत असताना ती उतरवत बसायचं का? म्हणून लाल त्रिकोण डिकीच्या अगदी कडेला ठेवा. चमकणारं जॅकेट मात्र सीटजवळच हवं, कारण ते उतरण्याआधी घालायचं असतं. टॉर्चही तिथेच.

जड वस्तू मागच्या सीटला टेकवून, खाली आणि बांधून. मोकळा जॅक जोरात ब्रेक लागला की पुढे येतो. आपल्या मे महिन्यात बंद गाडी भट्टीच होते, तेव्हा औषधं, पॉवर बँक, स्प्रे डिकीत कायमचे ठेवू नका. चार चाकांत हवा भरताना स्टेपनीचीही तपासून घ्या. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चर किट असतं. मॅट उचलून आजच बघा.

आणि गाडी थांबलीच, तर घरची मंडळी आधी रेलिंगपलीकडे. मग ११२.