रानातील पाणी : परिसर अभ्यासाचा एक पाठ

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगेचे खोरे, जुने मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या पाहून येथे पाण्याची वाण नाही असे परक्यास वाटते. परंतु चैत्रात मोहफुले वेचावयास व वैशाखात तेंदूपत्ता तोडावयास रानात जाणाऱ्या कुटुंबांचा अनुभव निराळा असतो. बरोबर नेलेले पाणी दुपारपूर्वीच संपते आणि मग नाल्यातील डबके किंवा वाळूतील झिरा एवढाच आधार उरतो. या कुटुंबांबरोबर शाळेतील मुलेही असतात. म्हणून हा पाठ उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी घेणे इष्ट होय.

पाठाचा उद्देश. ‘निवळ पाणी ते शुद्ध पाणी’ हा मुलांच्या मनातील समज दूर करणे हा पाठाचा पहिला उद्देश आहे. त्यासाठी पिण्याच्या पाण्याचे दोन पेले घ्यावेत. एकात थोडे मीठ पूर्ण विरघळवावे. दोन्ही पेले मुलांपुढे ठेवून भेद विचारावा. डोळ्यांना भेद दिसणार नाही. जिभेला मात्र तत्काळ कळेल. डोळ्यांना न दिसणारे मीठ जिभेला तरी कळते. रोगजंतू तर डोळ्यांनाही दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत, हे येथे सांगावे. तुरटी फिरवल्याने किंवा निवळीचे बी उगाळल्याने गाळ तळाशी बसतो. परंतु सर्व जंतू नष्ट होत नाहीत.

नारूचे उदाहरण. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना नारू हा रोग ठाऊक आहे. नारू झालेला मनुष्य पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की पायाच्या जखमेतून कृमीची असंख्य पिले पाण्यात पडत. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव ती गिळीत. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात कृमी वाढे आणि सुमारे वर्षाने हातभर लांबीचा होऊन त्वचेतून बाहेर येई. या रोगावर लस नव्हती व खात्रीचे औषधही नव्हते. तरीही पाणी दुपदरी कापडाने गाळणे, रोग्याने पाण्यात न उतरणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसविणे अशा उपायांनी तो हटला. भारतातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि सन २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. लोकांची सवय बदलली म्हणजे रोग हटतो, याचा याहून चांगला दाखला क्वचितच सापडेल.

शुद्धीकरणाचा क्रम. नारूचे वाहक जीव कापडात अडकत. पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू त्यांहून फार लहान असल्याने केवळ कापड पुरेसे नाही. म्हणून मुलांकडून पुढील क्रम पाठ करून घ्यावा. प्रथम पाणी जुन्या धुतलेल्या सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळावे. नंतर ते खळखळून उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिट ठेवल्यास पुरे. सरपण नसल्यास क्लोरिनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. तेही नसल्यास, निवळ पाणी पारदर्शक बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास ठेवावे. उकळल्याने जंतू मरतात. शेतातील कीटकनाशक मात्र जात नाही, म्हणून बांधाखालचे पाणी टाळावे.

अवघड प्रश्न. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “गुरुजी, वाट चुकली, आगपेटी नाही, गोळी नाही आणि जीव कासावीस झाला, तर?” हा प्रश्न टाळू नये. ‘अशुद्ध पाणी कधीच पिऊ नये’ असे उत्तर सोपे आहे, परंतु ते पुरे नाही. वैशाखाच्या उन्हात पाण्यावाचून मनुष्य काही तासांतही दगावू शकतो. दूषित पाण्याची बाधा मात्र काही तासांपासून काही आठवड्यांनी दिसते, आणि तिच्यावर दवाखान्यात उपचार होऊ शकतात. म्हणून दुसरा मार्गच नसेल तर मिळेल ते पाणी प्यावे. पण निवड करून प्यावे. साचलेल्यापेक्षा वाहते बरे. गुरे बसतात वा मृत जनावर पडले आहे तेथले नको. नाल्याच्या काठापासून थोडे दूर वाळूत झिरा खणावा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे व नंतरचे पदराने गाळून घ्यावे. हा अपवाद आहे, नियम नव्हे, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

नंतरची काळजी. रानातून परतल्यावर जुलाब झाल्यास पाणी बंद करणे ही घातक समजूत आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज मिसळलेले पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी थोडे थोडे पाजीत रोग्यास आरोग्य केंद्रात न्यावे.

स्वाध्याय. प्रत्येक मुलाने आपल्या घरची मंडळी रानात कोणते पाणी पितात व बरोबर किती नेतात, हे विचारून वहीत लिहावे. शिक्षकांनी त्या नोंदी पालकसभेत वाचाव्यात. ज्या घरातून एक जास्तीची भरलेली गुंडी रानात जाऊ लागेल, त्या घरी हा पाठ पोहोचला असे समजावे.